रित्या पाळण्यापाशी दोन प्रश्न

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरुदीक्षा होऊन आम्हांस फार दिवस झाले नव्हते. ऑक्टोबर महिन्यातील रोझरीची प्रार्थना आटोपून ख्रिस्तमंदिराचे दार लोटून घेत असताना पायरीवर एक तरुण दांपत्य थांबलेले दिसले. त्यांची ओळख पटेल असा कोणताही तपशील आम्ही येथे देणार नाही. तिसऱ्यांदा राहिलेले दिवस तिसऱ्या महिन्यातच संपले होते. पती खाली मान घालून उभा होता. पत्नीने दोनच प्रश्न विचारले. "फादर, आमच्याच वाट्याला हे का? आणि आमची ती तीन बाळं आता कुठं असतील?"

'देवाची इच्छा, आपण प्रार्थना करू या,' असे काहीसे आम्ही पुटपुटलो. "बरं फादर," म्हणून ती दोघे अंधारात निघून गेली. आपण दोहोंपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही, हे आम्हांस पुष्कळ उशिरा उमगले. पहिला प्रश्न वैद्यकशास्त्राचा होता, दुसरा ईशज्ञानाचा. हे दोन्ही प्रश्न शतकानुशतके विचारले गेले आहेत आणि दोहोंनाही दीर्घकाळ चुकीची उत्तरे मिळाली आहेत. तो इतिहास आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांस ठाऊक असावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

एका शब्दाचा घोटाळा

आरंभ शब्दापासून करावयास हवा. मराठीत आपण 'गर्भपात' हा एकच शब्द दोन अगदी भिन्न घटनांसाठी वापरतो. जाणूनबुजून केलेली भ्रूणहत्या हाही गर्भपात आणि मातेची तीव्र इच्छा असताना गर्भ आपोआप गळून पडला, तर तोही गर्भपातच. आयुर्वेदाने पहिल्या चार महिन्यांतील घटनेस 'गर्भस्राव' व त्यानंतरच्या घटनेस 'गर्भपात' अशी नावे दिली होती. तो भेद बोलीभाषेत उरला नाही. आपल्या घरांत 'मूल पडले', 'पोट राहिले नाही' असे हलक्या आवाजात म्हणतात. इस्पितळाच्या कागदावर मात्र 'गर्भपात' असे छापील अक्षरांत येते आणि व्यासपीठावरून त्याच शब्दाचा कठोर निषेध ऐकलेली श्रद्धाळू स्त्री तो कागद वाचून हादरते.

लॅटिन भाषेतही हाच घोटाळा होता. १९१७ सालच्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात गर्भातून अकाली बाहेर पडलेल्या जिवास स्नानसंस्कार द्यावा असे सांगणारे कलम आहे आणि हेतुपुरस्सर गर्भपात घडविणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा सांगणारेही कलम आहे. दोन्हींतील मूळ शब्द एकाच धातूचा. भेद आहे तो 'घडविणे' या क्रियापदाचा. पाप होण्यासाठी जाणीव व संमती लागते. आपोआप झालेल्या गर्भस्रावात या दोहोंपैकी काहीच नसते. तेव्हा अशा मातेस त्यासाठी पापनिवेदन करण्याची गरज नाही, प्रायश्चित्ताची नाही, नवसफेडीचीही नाही. हे वाक्य कितीदा सांगितले तरी थोडेच ठरेल.

राणी कॅथरिनची सहा बाळंतपणे

मातेच्या दुःखावर दोषारोप कसा रचला जातो, याचे इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या राजवाड्यातले आहे. अॅरागॉनची राजकन्या कॅथरिन हिचा पहिला विवाह १५०१ मध्ये राजपुत्र आर्थर याच्याशी झाला. तो काही महिन्यांतच वारला. पोप ज्यूलियस दुसरे यांची सूट मिळून १५०९ मध्ये तिने आर्थरचा धाकटा भाऊ आठवा हेन्री याच्याशी विवाह केला. जानेवारी १५१० मध्ये तिला मृत कन्या झाली. पोट उतरले नाही, म्हणून वैद्याने दुसरे जुळे मूल आत आहे असे निदान केले. राणी प्रथेप्रमाणे प्रसूतिगृहात एकांतात जाऊन बसली आणि कित्येक आठवड्यांनी रित्या हातांनी बाहेर आली. १५११ च्या नववर्षदिनी पुत्र झाला. देशभर घंटा वाजल्या. बावन्न दिवसांनी तो गेला. पुढे आणखी दोन पुत्र गमावल्यावर १५१६ मध्ये कन्या मेरी जन्मली व जगली. १५१८ मध्ये पुन्हा एक कन्या गेली आणि त्यानंतर कॅथरिनला दिवस राहिले नाहीत.

हेन्रीने याचे कारण लेवीयच्या ग्रंथात शोधले. भावाच्या पत्नीशी लग्न करणारा निःसंतान राहील, असे तेथे म्हटले आहे. मेरी तर डोळ्यांसमोर खेळत होती. पण 'संतान' म्हणजे 'पुत्र' असा अर्थ लावून देणारे पंडित राजाला मिळाले. अनुवादाच्या ग्रंथात निपुत्रिक भावाच्या विधवेशी विवाह करण्याची आज्ञाच आहे, तिकडे काणाडोळा झाला. पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १५३३ मध्ये आर्चबिशप क्रॅन्मर यांनी विवाह रद्दबातल ठरविला, मार्च १५३४ मध्ये पोप क्लेमेंट सातवे यांनी तो वैध असल्याचा निर्णय दिला आणि त्याच वर्षी इंग्लंडची ख्रिस्तसभा रोमपासून तुटली. कॅथरिन जानेवारी १५३६ मध्ये एकाकी अवस्थेत मरण पावली.

या फुटीची राजकीय व आर्थिक कारणे पुष्कळ होती. तथापि तिच्या मुळाशी एका स्त्रीची रिती कूस होती आणि त्या कुशीला देवाचा शाप ठरविण्याची पुरुषी घाई होती, हे नाकारता येणार नाही. खरे कारण काय असावे? २०१० साली दोन संशोधिकांनी असा तर्क मांडला की हेन्रीच्याच रक्तात 'केल' नावाचा घटक असावा व त्यामुळे मातेचे रक्त गर्भाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करीत असावे. हा तर्कच आहे. अस्थींची तपासणी झाल्याविना तो सिद्ध होणार नाही. पण दोष कॅथरिनचाच, असे मानून चाललेल्या चार शतकांना त्याने एक साधी गोष्ट सुनावली, की गर्भ दोघांचा असतो. आपल्याकडे आजही सुनेची एकटीची तपासणी होते व मुलगा कामाचे निमित्त काढून घरी राहतो. तिच्या पायगुणाची चर्चा मात्र ओटीवर सर्वांसमक्ष होते.

कार्डिनल कायेतान यांची आशा

आता दुसरा प्रश्न. ती बाळे कुठे गेली?

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियसच्या मताशी झुंज देताना संत ऑगस्टीन यांनी स्नानसंस्काराविना मेलेली बालके स्वर्गात जात नाहीत, त्यांना अत्यंत सौम्य का होईना शिक्षा भोगावी लागते, अशी भूमिका घेतली. मूळ पाप व ख्रिस्ताच्या कृपेची गरज या सत्यांचे रक्षण करताना त्यांना हा निष्कर्ष टाळता आला नाही. बाराव्या शतकात आबेलार यांनी ती शिक्षा म्हणजे परमेश्वराच्या दर्शनास मुकणे एवढीच, असे म्हटले. संत थॉमस अक्वायनस यांनी त्या बालकांना वेदना नसतात, नैसर्गिक सुख असते, असे शिकविले. यातून 'लिंबो' ही कल्पना रूढ झाली. ती पिढ्यान् पिढ्या शिकविली गेली. परंतु श्रद्धासिद्धान्त म्हणून ती कधीही घोषित झाली नाही.

विद्वानांच्या या कोड्याचा भार सोसला तो आईबापांनी. मध्ययुगात फ्रान्समध्ये व आल्प्सच्या परिसरात अशी काही तीर्थस्थाने होती, की जेथे मृत जन्मलेले बाळ घेऊन लोक मैलोगणती चालत जात. वेदीजवळ ठेवलेल्या बाळाच्या गालावर क्षणभर लाली दिसली, ओठांवर ठेवलेले पीस हलले, की 'जीव आला' म्हणून घाईने स्नानसंस्कार होई व बाळाला पवित्र भूमीत जागा मिळे. स्वित्झर्लंडमधील ओबरब्यूरेन येथे १९९० च्या दशकात झालेल्या उत्खननात अशा सुमारे अडीचशे अर्भकांचे अवशेष मिळाले. त्यांतील कित्येक पूर्ण दिवस भरण्याआधीचे आहेत. अधिकाऱ्यांनी या प्रथेचा वेळोवेळी निषेध केला आणि तो योग्यच होता. तरीही ते इवले सांगाडे पाहून अंधश्रद्धेची टिंगल करावीशी वाटत नाही. दिवस न भरलेला गर्भही त्या लोकांनी आपले मूल मानला होता. आयर्लंडमध्ये स्नानसंस्काराविना गेलेली बाळे पवित्र भूमीबाहेर, शेताच्या कडेला वेगळ्या जागी पुरली जात. तेथे दगडांची रांग असते, नाव नसते.

या अंधारात एक वेगळा आवाज उठला होता. १५१८ मध्ये आउग्सबुर्ग येथे मार्टिन ल्यूथर यांची चौकशी करणारे कार्डिनल कायेतान आपल्या वाचकांस माहीत असतील. संत थॉमस यांचे ते त्या काळचे सर्वांत मोठे भाष्यकार. गर्भातच मरण पावणाऱ्या बालकास आईबापांच्या इच्छेने व प्रार्थनेने तारण मिळू शकेल, त्यांनी क्रुसाच्या खुणेने त्या गर्भास आशीर्वाद द्यावा, असे त्यांनी आपल्या भाष्यात लिहिले. पुढे पोप संत पायस पाचवे यांच्या आज्ञेने तो उतारा त्यांच्या ग्रंथातून वगळण्यात आला. आणि एक योगायोग पाहा. १५३० मध्ये हेन्री व कॅथरिन यांचा विवाह वैध आहे, असा लेखी अभिप्राय देणारे ईशपंडितही हेच कायेतान. जिवंत मातेची बाजू आणि न जन्मलेल्या बाळांची आशा, दोन्ही एकाच लेखणीतून उतरली होती.

वगळलेला विचार मेला नाही. १९५१ मध्ये इटलीतील सुईणींपुढे बोलताना पोप पायस बारावे यांनी जुनीच काळजी व्यक्त केली. प्रौढाला प्रेमाच्या कृतीने कृपा मिळू शकते, अर्भकाला तो मार्ग मोकळा नाही, असे ते म्हणाले. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा-ग्रंथात स्नानसंस्कारापूर्वी मरण पावलेल्या बालकाच्या अंत्यविधीच्या प्रार्थना आल्या. १९८३ च्या कायद्याने आईबापांचा स्नानसंस्कार देण्याचा मानस असेल, तर अशा बालकाचा ख्रिस्ती अंत्यविधी करण्यास महागुरुस्वामी अनुमती देऊ शकतात, असे ठरविले. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात लिंबोचा उल्लेखच नाही. अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपवावे, असे तेथे सांगितले आहे. शेवटी २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाचा निबंध पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने प्रसिद्ध झाला. ही बालके तारली जातात अशी आशा धरण्यास गंभीर ईशज्ञानात्मक व उपासनाविषयक आधार आहे, हा त्याचा निष्कर्ष. ही खात्री नव्हे, आशा आहे, आणि त्यामुळे स्नानसंस्कार लांबणीवर टाकण्यास कोणास सबब मिळत नाही, हेही तेथे स्पष्ट केले आहे. ख्रिस्ती माणूस आपल्या सर्वच मृतांबाबत आशेनेच जगतो. त्या पंक्तीत आता या बाळांनाही जागा आहे.

शास्त्राची चूक आणि शास्त्राचा प्रामाणिकपणा

ईशपंडित चुकले तसे वैद्यही चुकले. १९३८ मध्ये माल्पास नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी एक गणित मांडले. लागोपाठ तीन गर्भ गेलेल्या स्त्रीचा चौथाही जाण्याचा संभव शेकडा ७३ असतो, असे त्याचे उत्तर होते. ते गणित होते, निरीक्षण नव्हे. तरी सर्वांनी ते प्रमाण मानले. परिणाम असा झाला, की एखाद्या औषधानंतर शंभरांतील सत्तर स्त्रियांना मूल झाले, की औषध चमत्कारी ठरे. उपचाराविना किती जणींना मूल झाले असते, हे कोणी मोजलेच नव्हते. १९६४ मध्ये वॉरबर्टन व फ्रेझर या संशोधकांनी प्रत्यक्ष कुटुंबांची माहिती तपासली, तेव्हा तो धोका शेकडा २५ ते ३० च्या आसपास भरला. म्हणजे बहुतेक स्त्रियांना चौथ्या वेळी मूल होणारच होते.

या चुकीची किंमत भयंकर होती. १९३८ मध्येच लंडनला चार्ल्स डॉड्स यांनी डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक तयार केले. बॉस्टनच्या स्मिथ दांपत्याने १९४० च्या दशकात गर्भ टिकविण्यासाठी त्याचा पुरस्कार केला आणि लाखो स्त्रियांनी ते घेतले. १९५३ मध्ये शिकागो येथे सोळाशेहून अधिक गर्भवतींवर रीतसर प्रयोग झाला. निम्म्यांना खरे औषध, निम्म्यांना नुसती गोळी. औषधाचा काडीचाही उपयोग दिसला नाही. तरीही ते लिहून दिले जातच राहिले. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉ. हर्बस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी योनिमार्गाच्या अतिदुर्मीळ कर्करोगाने ग्रस्त आठ तरुण मुलींची हकिगत प्रसिद्ध केली. आठांपैकी सातजणींच्या मातांनी गरोदरपणी तेच औषध घेतले होते. त्याच वर्षी अमेरिकेत गर्भवतींना ते देऊ नये असा इशारा निघाला. 'काहीतरी द्या' असे म्हणणारी व्याकूळ आई आणि 'काहीतरी देतो' असे म्हणणारा सहृदय डॉक्टर यांच्यामध्ये पुरावा उभा नसला, म्हणजे काय घडते त्याचे हे उदाहरण.

हळूहळू खरी उत्तरे येऊ लागली. १९६० च्या दशकात कॅनडातील डॉ. कार यांनी गळून पडलेल्या गर्भांची गुणसूत्रे तपासली. सुरुवातीच्या महिन्यांतील सुमारे निम्मे गर्भ गुणसूत्रांतील दोषामुळे जातात, असे आज मानले जाते. तो दोष बहुतेक वेळा योगायोगाने उद्भवतो. जिना चढल्याने, पपई खाल्ल्याने, ग्रहणात बाहेर पडल्याने वा कोणाची दृष्ट लागल्याने तो होत नाही. १९८३ मध्ये लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी रक्तात गुठळ्या करणाऱ्या व वारंवार गर्भ घालविणाऱ्या एका प्रतिपिंडविकाराचे वर्णन केले. १९९७ मध्ये लंडनलाच अशा ९० स्त्रियांवर प्रयोग झाला. ज्यांना नुसती अॅस्पिरिन दिली त्यांच्यापैकी शेकडा ४२, तर अॅस्पिरिनबरोबर हेपॅरिनची इंजेक्शने दिली त्यांच्यापैकी शेकडा ७१ जणींना जिवंत मूल झाले. मात्र हा उपचार तो विकार रक्तात आढळला तरच. ती तपासणी बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते.

याउलट, कारण सापडलेले नसताना सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचा कस ८३६ स्त्रियांवर लावला गेला, तेव्हा २०१५ मध्ये निष्कर्ष निघाला की औषध घेणाऱ्या व न घेणाऱ्या यांत लक्षणीय फरक नाही. २०१९ च्या मोठ्या प्रयोगात, पूर्वी गर्भस्राव झालेल्या व या खेपेस रक्त जाऊ लागलेल्या स्त्रियांना मात्र काही लाभ दिसला. तेव्हा शेजारणीचे औषध आपण घेऊ नये. पूर्वी तीन गर्भ गेल्यावरच तपासणी करीत, आता अनेक तज्ज्ञ दोन गेल्यावरच ती करावी असे सांगतात. थायरॉइड, गर्भाशयाची रचना, रक्तातील प्रतिपिंडे आणि आवश्यक वाटल्यास दोघांचीही गुणसूत्रे, असा तिचा सर्वसाधारण क्रम असतो.

एवढे करूनही सुमारे निम्म्या दांपत्यांत कारण सापडत नाही. हे ऐकून पुष्कळजण खचतात. वस्तुतः या गटाचे भवितव्य आशादायक आहे. १९९९ मधील इंग्लंडमधल्या एका अभ्यासात अशा स्त्रियांपैकी शेकडा ७५ जणींची पुढील गर्भधारणा सुखरूप पार पडली. वय व आधी गेलेल्या गर्भांची संख्या यांनुसार हा आकडा कमीजास्त होतो. त्यांना औषध नव्हते. वारंवार भेट, सोनोग्राफी आणि धीर एवढेच होते. नॉर्वेतील डॉक्टरांनी १९८४ मध्येच अशा आधाराचे फार मोठे यश नोंदविले होते. त्या प्रयोगाची मांडणी काटेकोर नव्हती, म्हणून त्याचे आकडे आम्ही देत नाही. आधाराने गर्भ टिकतो की नाही याचा वाद शास्त्रज्ञांनी घालावा. आधाराने आई टिकते, याविषयी वाद नसावा.

एली याजकाची चूक

संत जान्ना बेरेत्ता मोल्ला यांच्या त्यागावर आम्ही धर्मगुरू प्रवचने करतो. १९६२ मध्ये पोटातील कन्येसाठी प्राण देणारी ही डॉक्टर माता २००४ मध्ये संतपदी विराजमान झाली. परंतु त्या कन्येपूर्वी जान्ना यांचे दोन गर्भ गेले होते, हे आम्ही क्वचितच सांगतो. ते सांगितले असते, तर मागच्या बाकावर बसलेल्या किती जणींना वेदीवरील त्या तसबिरीत आपली मैत्रीण दिसली असती!

शमुवेलच्या पहिल्या ग्रंथात हन्ना मंदिरात ओठ हलवीत रडते आहे आणि दाराशी बसलेला एली याजक तिला दारू प्यालेली समजतो. चूक ध्यानी येताच तो तिचे म्हणणे ऐकून घेतो व तिला आशीर्वाद देऊन पाठवितो. आम्ही पायरीवर त्या दांपत्याला दारूबाज समजलो नाही, हे खरे. पण आम्ही त्यांचे ऐकूनही घेतले नाही. एलीने उशिरा केले ते आम्ही त्या रात्री केलेच नाही.

आता आमच्या धर्मग्रामात २ नोव्हेंबरच्या मिस्सेत न जन्मलेल्या बाळांसाठीही प्रार्थना होते. ज्यांनी बाळाला मनात नाव ठेवले असेल, त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून वेदीजवळच्या टोपलीत ठेवावे. चिठ्ठी कोणी उघडीत नाही. पहिल्या वर्षी दोनतीनच चिठ्ठ्या पडतील असे वाटले होते. टोपली भरली. त्या ठेवणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेल्या आज्याही होत्या.

ज्या घरी असे दुःख आले असेल त्या घरच्या मंडळींना आमची विनंती इतकीच. सासूबाईंनी सुनेला चार दिवस विश्रांती द्यावी व शेजारी चौकशी करू लागल्या तर पुढे होऊन तिचा बचाव करावा. पतीने तपासणीला बरोबर जावे आणि स्वतःचेही रक्त द्यावे. 'अजून वय आहे, दुसरे होईल' असे कोणी म्हणू नये, कारण गेलेले ते दुसरे नव्हते. आणि धर्मगुरूने आधी गप्प बसून ऐकावे.

ते दांपत्य पुढे कामानिमित्त दुसरीकडे राहावयास गेले. हे त्रैमासिक त्यांच्या हाती पडत असेल, तर त्यांनी वरील ओळी आपल्यासाठीच लिहिल्या आहेत असे समजावे. त्या पायरीवर द्यावयाचे उत्तर द्यायला आम्हांस इतकी वर्षे लागली, याबद्दल त्या दोघांनी आम्हांस क्षमा करावी.